लुंबिनीनं ब्राउझर बदलला

उदगीरच्या मोंढा रोडला लुंबिनी कुठं बसते म्हणून विचारा, कुणीही बोट दाखवील. बियाण्याच्या दुकानाचा ओटा, ओट्यावर एक टेबल, टेबलावर लॅपटॉप, खाली प्रिंटर. मागं पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेलं, ‘सर्व ऑनलाइन अर्ज भरून मिळतील’. वय एकोणतीस, आवाज खणखणीत, आणि फॉर्म भरण्यात तिचा हात धरणारं माणूस उदगीर तालुक्यात न्हाई. जातीचं प्रमाणपत्र असो, पीकविमा असो, भरतीचा अर्ज असो, फोटो दहा केबीत बसवायचा असो, सगळं तिच्या बोटावर. ‘लुंबिनीताई, साइट चालंना’ म्हणलं की ती म्हणायची, “साइटला काय झालंय, तुमचंच बोट चालंना. सरका.”

आणि आणखी एक गोष्ट होती तिच्यात, ती मात्र कुणाला दिसत नव्हती. ही बाई सव्वा वर्षापासून एका माणसावर दात धरून बसली होती. सकाळी टेबल पुसताना त्याची आठवण, डबा उघडताना त्याची आठवण. राग सोडून द्यावा, मन मोकळं करावं, असं सांगणारे लई भेटतात. ज्याचं जळालं न्हाई त्याला सांगायला काय जातंय?

तो माणूस म्हणजे रविकांत. बसस्थानकासमोर त्याचं ऑनलाइन सेंटर, पाच संगणक, वर एसी. लुंबिनी त्याच्याकडं सहा वर्षं कामाला होती. सेंटर त्याच्या नावाचं, पण चालवायची ती. रविकांतला संगणक चालू-बंद करण्यापलीकडं ओ की ठो कळत नव्हतं. एकच गोष्ट त्यानं पहिल्या दिवशी कुणाकडून तरी बसवून घेतली होती. पाचही संगणकांच्या ब्राउझरमध्ये त्याचं स्वतःचं खातं कायमचं उघडं. गिऱ्हाइकानं काय उघडलं, काय शोधलं, ते सगळं त्याच खात्यात साठायचं, आणि तेच खातं त्याच्या खिशातल्या फोनमध्ये. हा चौकात चहा पीत बसायचा, बिस्कीट बुडवायचा आणि फोनवर बघायचा, आत तीन नंबरवर बसलेली बाई काय वाचतेय. लुंबिनीला याचा पत्ता नव्हता. खिडकी बंद करायची, वरची लाल फुली दाबायची, झालं, पुसलं गेलं, असंच ती समजायची. सगळं उदगीर तेच समजायचं.

लुंबिनीचं लग्न ठरायला आलं होतं. नांदेडचा मुलगा, सुगत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दोन्हीकडून पसंती झाली. फोनवर बोलणं व्हायचं. तो तिला रोज एक गणित घालायचा आणि ती मुद्दाम चुकवायची, म्हणजे त्याला समजावून सांगावं लागायचं. त्याच दिवसांत आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. सुपारीएवढी. मायला सांगावं तर माय हाय खाईल. मैत्रिणीला सांगावं तर चार दिवसांत गल्लीला कळेल. मग दुपारी सेंटर रिकामं असताना तिनं दोन नंबरच्या संगणकावर टाइप केलं, ‘छातीत गाठ असली तर कॅन्सरच असतो का’. अर्धा तास वाचत बसली. लाल फुली दाबली. दुसऱ्या दिवशी एकटीच एसटीनं लातूरला गेली, तपासून आली. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, साधी गाठ आहे, लई पोरींना असते, घरी जा. लुंबिनी लातूरच्या स्टँडवर पोटभर रडली आणि पोटभर भजी खाऊन परत आली. जिवंत माणसाला ती गोष्ट सांगितली न्हाई.

आता त्यांच्याकडची रीत सांगितली पाहिजे. तारीख धरायच्या आधी विहारात बैठक बसते. दोन्हीकडचे पाहुणे, गल्लीतली माणसं, पन्नाससाठ डोकी. मुलाकडचा वडीलधारा उभा राहून म्हणतो, कुणाला काय विचारायचं असंल तर आत्ताच विचारा, मागून कुरकुर नको. कुणी काय विचारत न्हाई, सगळे हसतात, चहा येतो. या बैठकीत सुगतचा मामा उभा राहिला.

“मुलीच्या छातीत गाठ हाय असं कानावर आलंय. खरं काय ते सांगा.”

पार्वतीबाई, म्हणजे लुंबिनीची माय, रोजंदारी करून पोरीला शिकवलेली बाई. ती उभी राहिली, पदर सावरला, म्हणाली, “माझ्या लेकरावर असा आळ घेऊ नका, माझ्या हातावर हात ठेवून ती सांगंल.” आणि लुंबिनीनं मान खाली घातली. कारण खोटं कसं बोलायचं, आणि पन्नास माणसांत खरं तरी कसं सांगायचं? मग तिनं घरातून लातूरच्या तपासणीचा कागद आणून दाखवला, साधी गाठ हाय म्हणून सांगितलं. पण कागद लपवला कशाला, हा प्रश्न आला. एकदा संशय आला की पाहुणे उठतात, तसे उठले. चहा तसाच राहिला. सुगतनं दोन दिवसांनी फोन केला, रडला, आणि मामाच्या शब्दाबाहेर जाता येत न्हाई म्हणाला. अशा माणसाचं काय लोणचं घालायचं, ते जाऊ द्या.

पण माय. माय तुटली ती आतून तुटली. “तू मला सांगितलं न्हाई. आन् बाहेर कुणाला तरी सांगितलंस. त्याबिगर त्येंना कळलंच कसं? पन्नास माणसांत मला खोटं पाडलंस.” लुंबिनी शपथा घ्यायची, माय ऐकायची न्हाई. एका चुलीवर दोघींचा स्वयंपाक आणि घरात शब्द न्हाई. माय ताट वाढायची आणि तोंड फिरवून बसायची.

आणि रविकांतनं काय करावं? त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. “लुंबिनी, लोक लई वंगाळ असतेत बघ. तू मनावर घेऊ नको. सेंटर तुझंच हाय.” ती त्याचे उपकार मानून आणखी आठ महिने राबली. आठ महिने!

मग एक दिवस त्यानं ओटीपी बघायला तिच्या हातात फोन दिला आणि बाहेर गेला. ओटीपी ब्राउझरात टाकायचा म्हणून तिनं तो उघडला, तर समोर यादी. तीन नंबरवर बसलेला पोरगा त्या क्षणी जे बघून राहिला होता, तेच वर. तिचं बोट थांबलं. तिनं शोधायच्या पट्टीत ‘गाठ’ लिहिलं. तारीख आली, वेळ आली, तिची ओळ जशीच्या तशी आली. तिच्याखाली दुसरी ओळ, तीच पानं त्याच संध्याकाळी त्याच फोनवरून उघडलेली. म्हणजे यानं वाचलं. सुगतचा मामा चौकशीला सेंटरवर आला होता, हे तिला ठाऊक होतं. मुलगी कामाला असते तिथं चौकशी करतातच. मामाला हा काय म्हणाला असेल? ‘पोरगी सोन्यासारखी, पण छातीत गाठ हाय म्हणं, तेवढं बघून घ्या.’ का म्हणाला? तर पोरगी नांदेडला गेली असती आणि याचं सेंटर बसलं असतं! एवढ्यासाठी. ह्या एवढ्यासाठी.

तिनं फोन टेबलावर ठेवला. घरी जाऊन मायला सांगितलं. माय म्हणाली, “आता मालकावर ढकल. एकाचं मशीन दुसऱ्याच्या फोनात दिसतं व्हय? मला येडी समजतीस?” दुसऱ्या दिवशी लुंबिनीनं काम सोडलं आणि मोंढ्यात टेबल मांडलं. रविकांतला कारण सांगितलं न्हाई. चौकात उभं राहून बोंब मारली असती तर त्यानं हात वर केले असते, आणि लोकांनी तिलाच नावं ठेवली असती. तिला असं नको होतं. तिला तो माणसांत उभा पाहिजे होता. कुणीतरी प्रश्न विचारायचा, आणि त्याच्याकडं उत्तर नसायचं. आणि मायनं ते ऐकायचं. बस.

ती थांबली. थांबणं तिला जमत होतं.

यंदा जूनच्या सुरुवातीला तिच्या लॅपटॉपवर ब्राउझरची नवी आवृत्ती आली. सकाळी उघडलं तर पहिलं पान मराठीत, मोठ्या अक्षरात, ‘तुमच्या खासगीपणासाठी नवीन’. ती सहसा असलं काही वाचत न्हाई, खाली ‘पुढे’ दाबते. पण त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून वाचलं. एका साइटला दुसऱ्या साइटवरचं तुमचं काही कळणार न्हाई. सार्वजनिक संगणकावर खिडकी बंद केली की सगळं खरोखर पुसलं जाणार. आणि तिसरं वाचून तिच्या हातातला चहा तसाच राहिला. ‘तुमची माहिती दुसऱ्या उपकरणावर दिसत असेल, तर आम्ही तुम्हाला आधी सांगू.’ तिनं जुन्या मोबाईलवर खातं जोडून करून बघितलं. ब्राउझर उघडताच पूर्ण पडदा भरून पाटी आली, या संगणकावर तुम्ही जे पाहता ते अमक्या फोनवर दिसतंय, इतक्या दिवसांपासून दिसतंय. खाली तीन बटणं. ‘चालू ठेवा’, ‘बंद करा’, ‘काय काय दिसलं ते पाहा’. त्यातलं एक दाबल्याशिवाय पाटी हलत नव्हती. लुंबिनीनं ती पाटी तीनदा आणली, तीनदा वाचली. मग एकटीच हसली. बियाण्यावाले काका म्हणाले, काय गं, लॉटरी लागली का? ती म्हणाली, लागंल.

रविकांतच्या संगणकांवर जुनीच आवृत्ती होती. ‘अपडेट बंद कर, नेट खातंय’ म्हणून त्यानंच तिच्याकडून ते बंद करून घेतलं होतं. आणि अर्जांच्या साइटा कधी ना कधी जुन्या आवृत्तीला दार लावतात, हेही तिला ठाऊक होतं. ते जुलैत झालं. एका मोठ्या भरतीच्या अर्जाला चार दिवस उरले आणि रविकांतच्या पाचही पडद्यांवर एकच ओळ यायला लागली, ब्राउझर अद्ययावत करा. त्याचा नवा ऑपरेटर आठवड्यापूर्वीच सोडून गेला होता. दोन दिवस यानं वायरी काढल्या, घातल्या, मशिनीला थापट्या मारल्या. तिसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून मोंढ्यात आला.

“लुंबिनी, झालं गेलं इसर बाई. माझ्या मशिनी चालंनात. माणसं माघारी जाऊन राहिलीत. ये की जरा.”

“बघू.”

“उद्या सकाळी आठला ये. गर्दी नसती. निवांत करशील.”

“आठला जमत न्हाई, भाऊ. अकराला येते.”

“अकराला तर सगळी गर्दी असती की.”

“मग दुसरं कुणी बघा.”

“न्हाई न्हाई, ये. अकरा तर अकरा.”

दुसऱ्या दिवशी ती अकराला गेली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. भरतीवाली पोरं, दाखल्यासाठी आलेल्या बाया, आणि सगळ्यात पुढं शेषेराव गुरुजी, पेन्शनचा हयातीचा दाखला घेऊन. गुरुजी चौतीस वर्षं चौथीला शिकवून निवृत्त झालेले. त्यांना हळू बोलताच येत न्हाई. गल्ल्यावरच्या पाच नंबरवर रविकांतची पोरगी तनुजा बसली होती, बारावी झालेली. लुंबिनीला बघून ती उठली. “ताई, किती दिवसांनी!” ही पोर लहानपणी शाळा सुटली की लुंबिनीच्या शेजारी येऊन बसायची. आज ती इथं असंल, हे लुंबिनीच्या डोक्यातच आलं नव्हतं. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिला विहारात उभी राहिलेली माय आठवली, आणि ती एक नंबरपुढं बसली.

नवी आवृत्ती उतरवायला दहा मिनिटं. भाषा मराठी. एक नंबर झाला, दोन झाला, तीन, चार. तिनं एकही ब्राउझर उघडला न्हाई. पाच नंबरवर तनुजा म्हणाली, मी करते ताई, तुम्ही सांगा. तोही झाला. मग लुंबिनी एक नंबरच्या खुर्चीवरून उठली.

“गुरुजी, बसा. तुमचा नंबर पहिला. उघडा.”

गुरुजींनी उघडलं. पडदा भरून पाटी आली.

“हे काय गं आलं?”

“वाचा की गुरुजी. माझे डोळे दुखून राहिलेत सकाळपासून.”

गुरुजींनी चष्मा लावला आणि चौथीच्या वर्गाला वाचून दाखवतात तसं वाचलं. “या संगणकावर तुम्ही उघडलेली पानं आणि शोधलेले शब्द आणखी एका उपकरणावर दिसत आहेत. उपकरणाचं नाव, रविकांत यांचा फोन. कालावधी, सात वर्षं पाच महिने. हे चालू ठेवायचं का?”

मागची माणसं पुढं सरकली. कुणीतरी दोन नंबर उघडला, तीच पाटी. तीनवर तीच.

“ते असंच येतं हो,” रविकांत गल्ल्यामागून घाईघाईनं आला. “कंपनीचं असतंय. बंद दाबा, बंद दाबा.”

“रविकांत,” गुरुजी म्हणाले, “कंपनीचं नाव न्हाई इथं. तुझं हाय. मी इथं बसून माझ्या बायकोच्या आजाराचं वाचायचो. तू ते बघायचास?”

“न्हाई गुरुजी, आईशप्पथ…”

मागं उभी असलेली एक बाई पुढं आली. “माझ्या लेकीच्या सोडचिठ्ठीचे कागद हितंच काढले मी. चार दिवसात सासरी कळलं होतं.” एक पोरगा म्हणाला, फोन दाखवा. दुसरा म्हणाला, हाव, फोन दाखवा. रविकांतनं खिशावर हात दाबून धरला. लुंबिनी भिंतीला टेकून उभी राहून त्याचा चेहरा बघत होती. तिला बरं वाटत होतं. कशाला खोटं सांगायचं? सव्वा वर्षात एवढं बरं वाटलं नव्हतं.

पाच नंबरवर तनुजानं कुणाला न विचारता ‘काय काय दिसलं ते पाहा’ दाबलं होतं. ती यादी खाली खाली सरकवत होती. मग ती थांबली.

“पप्पा.”

रविकांतनं वळून बघितलं न्हाई.

“पप्पा, मी लातूरला हॉस्टेलला होते, तेव्हा सुट्टीत आले की ह्याच मशीनवर माझ्या मित्राचं, बालाजीचं पान उघडून बघायचे. तुम्ही आठ दिवसात मला हॉस्टेलमधून काढून आणलंत. तुम्ही म्हणलात, प्रियदर्शनीनं सांगितलं. तुझीच मैत्रीण सांगून गेली म्हणलात.”

“तनु, घरी बोलू.”

“मी तिच्या घरी जाऊन तिच्या आईपुढं तिला चुगलखोर म्हणलं, पप्पा. तिच्या अंगावर तिची पुस्तकं फेकली. ती पाया पडून सांगत होती, मी न्हाई सांगितलं.” पोरीचा आवाज फाटला. “तिनं न्हाईच सांगितलं.”

रविकांत खुर्चीवर बसला. बसला म्हणजे कोसळलाच. सगळं सेंटर त्याच्याकडं बघत होतं, आणि त्याची लेक त्याच्याकडं बघत होती, आणि तो चपलेकडं.

हे लुंबिनीनं ठरवलेलं नव्हतं. पोरीचं रडणं तिच्या काळजाला लागलं, न्हाई असं न्हाई. पण मागं फिरावं असं तिला वाटलं न्हाई. ती पुढं आली आणि गल्ल्यावर दोन्ही हात ठेवले.

“भाऊ, तनुजाचं विचारून झालं. आता माझं. सुगतच्या मामाला कुणी सांगितलं?”

त्यानं चपलेतून पाय काढले, परत घातले.

“आठ महिने मला पाणी दिलंत ना? लोक वंगाळ असतेत म्हणलात ना? कुणी सांगितलं?”

“चुकलं माझं,” तो पुटपुटला.

“मला सांगू नका. मला ठाऊक हाय.” तिनं स्वतःचा फोन काढला, मायचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि त्याच्यापुढं धरला. “हितं सांगा. ही माणसं ऐकतील असं सांगा.”

चार वेळा वाजल्यावर पार्वतीबाईनं उचलला. मागं कोंबड्यांचा आवाज होता. “काय गं?”

रविकांतनं लेकीकडं बघितलं. तनुजानं डोळे पुसले न्हाईत, मान हलवली न्हाई, नुसती बघत राहिली.

“काकू, मी रविकांत. सेंटरवाला.” “त्या पाहुण्याला लुंबिनीच्या गाठीचं मीच बोललो होतो. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं मशीनवर वाचलेलं मी माझ्या फोनात बघितलं. तिचा काय दोष न्हाई.”

मायचा आवाज आला, रडका नव्हे, रोजगारावरच्या मुकादमाला बोलावं तसा सरळ.

“मालक, तुम्हाला लेक हाय ना? तिच्यावर कुणी असा आळ घेतला, तर मला बोलवा. पन्नास माणसात उभी राहून मी तिच्या बाजूनं बोलंन. मी माझ्या लेकीच्या बाजूनं शेवटपर्यंत बोलले न्हाई. तुमच्यामुळं बोलले न्हाई. हे तुम्ही मरंपर्यंत ध्यानात ठिवा.”

आणि फोन बंद झाला.

तनुजा उठली, पर्स घेतली आणि बापाकडं न बघता गर्दीतून बाहेर गेली. पोरगी प्रियदर्शनीकडंच निघालीय आणि ते घर कुठं, हे रविकांतला ठाऊक होतं, पण तो तिच्यामागं गेला न्हाई. गुरुजींनी ‘बंद करा’ दाबलं आणि हयातीचा दाखला पुढं केला. लुंबिनीनं तो भरून दिला, कारण गुरुजींचा काय दोष? मग ती पायरी उतरली. फोन पुन्हा वाजला. माय होती. तिनं उचलला. “घरी ये,” माय म्हणाली, “ताट वाढते, सोबत जेवू.”